गोधडीचे बेचाळीस चौकोन

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन चौसष्ट दिवस झाले आणि त्यातले साठ कुठे गेले ते सांगता येत नाही. ज्याची नोंद नाही ते काम झालंच नाही, हे मी कारखान्यात एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. तेव्हा नोंद.

निर्णय: लेकीला मार्चअखेर बाळ होणार. बाळाची गोधडी मी स्वतः शिवणार. हाताने. मशीन काय, कोणीही चालवतं.

गोधडी म्हणजे शेवटी काय? चौकोन, रांगा, माप. पंपांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आयुष्य गेलं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी नुसत्या नजरेने पकडायचो. त्यामानाने हा किरकोळ जॉब आहे.

हिला सांगितलं. ही नर्स आहे, नोकरीची अजून दोन वर्षं बाकी. ड्यूटीला निघता निघता म्हणाली, शर्टाचं बटण लावता येतं का तुम्हाला? मी म्हणालो, बटण हा वेगळा विषय आहे.

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं. अकरा अंगठे. लेकीचे तीन बदाम. आता माघार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ग्राफ पेपरवर प्लॅन. सहा चौकोनांच्या सात रांगा, एकूण बेचाळीस. प्रत्येक चौकोन सहा इंच. तयार माप छत्तीस बाय बेचाळीस. रोज तीन तास. २८ फेब्रुवारीला काम पूर्ण, १ मार्चला पार्सल. प्लॅन लॅमिनेट करून आणला.

ही म्हणाली, एवढं सगळं करण्यापेक्षा खाली जाऊन वहिनींना विचारा, चाळीस वर्षं गोधड्या शिवतायत त्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादाला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर समोरच्या रस्त्यावरचं मोठं घर सोडून त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आल्या. आम्ही तिसऱ्यावर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन १९ मार्चला.

मी म्हणालो, ज्यांना समोरचा माणूस धूसर दिसतो त्यांच्याकडून प्रिसिजनचं काम काय शिकायचं? ही काही बोलली नाही. पटलं असावं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कापड आणायला दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कशासाठी हवंय? सांगितलं. त्याने आतून आणखी दोघांना बोलावलं आणि म्हणाला, काका, यांनाही सांगा ना. बाळाच्या कातडीला नवं कापड टोचतं, हे मला नेमकं त्याच क्षणी सुचलं. परत आलो.

दुपारी माळ्यावर चढलो. सुटकेसच्या मागे निळ्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं. आत सहा शर्ट. सुती, धुतलेले, घडी घातलेले. एक निळ्या रेघांचा, एक हिरवट चौकडीचा, एक विटकरी, एक राखाडी, दोन क्रीम. हिने फरशी पुसायला म्हणून ठेवले असणार. बायकांना वस्तूची किंमत नसते.

तपासणीत आढळलेली बाब: सहाही शर्टांचे खिसे उजव्या बाजूला. सहापैकी सहा! सरळसरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. रिजेक्ट झालेला लॉट कोणीतरी आपल्या गळ्यात मारला आणि घरात एकाच्याही लक्षात आलं नाही. माझी नजर अजून शाबूत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्टीलची पट्टी, पेन्सिल, नवी कात्री. बेचाळीस चौकोन कापले. एकही वाकडा नाही. कॉलर, कफ, खिसे एका पिशवीत भरून गॅलरीत बादलीमागे ठेवले. अवघड भाग संपला.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुईत दोरा ओवला: पंचवीस मिनिटं. दोष सुईचा.

दुपारपर्यंत तीन चौकोन जोडले. उठलो तेव्हा कळलं की तिसऱ्या चौकोनाबरोबर मांडीवरचा लेंगाही शिवला गेलाय. सगळ्यात सरळ शिवण मात्र तीच आली होती. उसवताना वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनींकडे गेलो. शिकायला नाही. एकट्या असतात, तेवढीच सोबत, म्हणून.

त्यांनी माझे जोडलेले तुकडे हातात घेतले, डोळ्यांसमोर धरलेच नाहीत. बोटांनी शिवण चाचपली आणि हसल्या. म्हणाल्या, भाऊजी, दोऱ्याशी भांडण झालंय का? दोरा ओढायचा नाही, झोपवायचा. मग स्वतः चार टाके घालून दाखवले. ज्यांना दाराची कडी दिसत नाही त्यांचे टाके एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. सवय असते एकेकाची.

कापड चोळत म्हणाल्या, किती मऊ आहे हो, कुठून आणलंत? आता फरशी पुसायच्या शर्टांचं नाव कसं काढणार. म्हणालो, खास दुकानात जाऊन निवडलं. नवं कापड इतकं मऊ? म्हणालो, प्री-वॉश्ड. त्या म्हणाल्या, हल्ली काय काय निघतं.

ठरलं: रोज चार ते सहा त्यांच्याकडे बसायचं. सुईत दोरा ओवायचं काम माझं, कारण ते त्यांना जमत नाही. म्हणजे टेक्निकल जबाबदारी माझ्याकडेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिल्या दोन रांगा जोडून झाल्या. मोजल्या. रांग छत्तीस इंच हवी, साडेतेहतीस भरते. पट्टी बदलून पुन्हा मोजली. साडेतेहतीस.

वहिनींना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, शिवणीत कापड जातं ना भाऊजी, दोन्हीकडून पाव पाव इंच, ते धरलंच नाहीत तुम्ही? एकतीस वर्षं मोजमाप करून?

मी म्हणालो, पंपात शिवण नसते.

अडीच इंच रुंदीतून गेले, लांबीतून तीन जाणार. बाळ तसंही लहान असतं. लॅमिनेट केलेल्या प्लॅनवर दुरुस्ती करता येत नाही, हा लॅमिनेशनचा दोष आजच लक्षात आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या वहिनी सगळ्यांना सांगतायत, भाऊजींनी माझ्यासाठी मुद्दाम असं मऊ कापड शोधून आणलं की डोळे नसले तरी हाताला कळावं. असा दीर सगळ्यांना मिळो, म्हणाल्या.

मी खोटं बोललो नाही. नुसती मान हलवली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.४०

नीट लिहितो.

आज शिवताना वहिनी दादाबद्दल बोलत होत्या. रोजच बोलतात, मी टाके मोजत असतो. आज म्हणाल्या, तुमचे दादा डावखुरे, तुम्हाला माहीतच आहे. डावखुऱ्या माणसाला डाव्या बाजूच्या खिशात हात घालायला अवघड. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी दोन पेनं फोडली आणि शर्टभर शाई केली. तेव्हापासून घरात नवा शर्ट आला की मी आधी खिसा उसवायचे आणि उजवीकडे लावायचे. शेवटच्या शर्टापर्यंत.

सुई बोटात गेली. त्या म्हणाल्या, काय झालं? म्हणालो, काही नाही. त्या म्हणाल्या, रक्त लागू देऊ नका कापडाला, चांगलं कापड आहे.

वर येऊन गॅलरीतली पिशवी उघडली. सहा खिसे. प्रत्येकाच्या कडेला हाताचे टाके, तांदळाच्या दाण्याएवढे.

आणि आता हेही आठवतंय की ते गाठोडं चार वर्षांपूर्वी माळ्यावर मीच चढवलं होतं. वहिनी घर बदलत होत्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, भाऊजी, हे तुमच्याकडे राहू दे. टाकवत नाही आणि समोर नको.

मी म्हणालो होतो, काळजी करू नका, माझ्याकडे वस्तू सुरक्षित असते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शांत डोक्याने विचार केला. गाठोड्यावर लेबल नव्हतं. लेबल असतं तर हा प्रकार घडला नसता. शिवाय शर्ट चार वर्षं पडून होते, कसर लागली असती. एका अर्थी वाचवले.

दोनदा वाचून पाहिलं. लिहिताना बरं वाटत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बादली घ्यायला ही गॅलरीत गेली आणि पिशवी तिच्या हाती लागली. एक कॉलर बाहेर काढली, उलटी केली आणि म्हणाली, हे दादांचे आहेत. एका सेकंदात. मला दोन आठवडे लागले होते, तेही दुसऱ्याने सांगितल्यावर.

सगळं सांगितलं. दुकानाचंही सांगितलं. ती खुर्चीवर बसली. म्हणाली, आज चार वाजता जाऊन सांगा.

मी म्हणालो, ऑपरेशन तोंडावर आहे, धक्का बसला, बीपी वाढलं तर तारीख पुढे जाईल. हे मेडिकल कारण आहे. ती सत्तावीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई आहे. माझ्याकडे नुसतं बघितलं. म्हणाली, मी नाही सांगणार. तुम्ही कापलेत, तुम्हीच सांगायचं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगायचं हे नक्की. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. चार वाजता गेलो. म्हणालो, वहिनी, एक सांगायचं होतं. त्यांनी सुई थांबवली. काय हो?

म्हणालो, सात नंबरची सुई जास्त बरी पडते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काम पूर्ण होण्याची तारीख. प्रत्यक्ष स्थिती: बेचाळीस चौकोन जोडून झाले. अस्तर, आतला कापूस, धावदोरा, कडा बाकी. नवी तारीख १५ मार्च. ऑपरेशनच्या आधी पार्सल गेलं पाहिजे. मग वहिनींना दिसायचा प्रश्नच येत नाही.

लेकीने ग्रुपवर फोटो मागितला. टाकला. ब्लॅक अँड व्हाइट. सगळे म्हणाले, आर्टिस्टिक.

५ मार्च, बुधवार

अस्तर पसरलं, वर कापूस, वर चौकोन. तिन्ही थर हलू नयेत म्हणून आधी मोठे कच्चे टाके घालतात. मी कडेने सुरुवात केली आणि चारी बाजू पक्क्या करून मध्ये आलो, तर मधोमध पोट सुटल्यासारखा फुगवटा. दाबला तर बाजूला सरकतो, जात नाही.

वहिनींनी हात फिरवला आणि सगळं उसवायला लावलं. म्हणाल्या, मधून सुरू करायचं आणि बाहेर जायचं. आधी कडा बंद केल्या की आतलं आतच राहतं.

तीन तास उसवत होतो.

९ मार्च, रविवार

आज काम चांगलं झालं. त्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये गोधडी. माझे टाकेही आता बरे पडतात. त्या म्हणाल्या, तुमची बाजू आता बोटाला टोचत नाही. इतकं चांगलं सर्टिफिकेट मला कारखान्यातही मिळालं नव्हतं.

मग म्हणाल्या, हे गेल्यापासून माझ्याजवळ इतका वेळ कोणी बसलं नव्हतं. हे असते तर म्हणाले असते, धाकट्याला सुई दिलीस? आधी घरातल्या सगळ्यांना लांब बसव. आणि गोधडीचं टोक मांडीवर घेऊन त्यावरून हात फिरवत राहिल्या. विटकरी चौकोनावरून. बाळ नशीबवान आहे, म्हणाल्या.

मी म्हणालो, मला काम आठवलं. वर येऊन पंख्याखाली बसलो. काम काही नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार

पत्र लिहिलं. दोन पानं, मुद्देसूद, तारखांसह. पाकिटात घातलं, जिना उतरलो, दारापाशी लक्षात आलं की वहिनींना सध्या वाचता येत नाही. कोणाकडून तरी वाचून घेतील. बहुतेक दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेकडून.

पत्र फाडलं. प्रयत्न केला होता, एवढी नोंद असावी.

ही कामापुरतं बोलते. गॅस बंद केलात का. किल्ली घेतलीत का. सांगितलंत का.

१५ मार्च, शनिवार

पार्सलची तारीख. धावदोऱ्याच्या सहा ओळी बाकी. वहिनींचा आग्रह, घाई केली तर मी पुन्हा उसवीन. नवी तारीख देत नाही.

१७ मार्च, सोमवार

धावदोरा पूर्ण. फक्त कडा राहिली.

वहिनी म्हणाल्या, परवा ऑपरेशन, डोळ्याची पट्टी काढली की पहिली ही गोधडी बघणार. पाच आठवडे हाताने बघितली, आता डोळ्यांनी. इतक्या खूश होत्या की मला जागेवरून उठवेना.

कडा मी घरी करतो असं सांगून गोधडी वर आणली. येताना जिन्यात कल्पना सुचली. गडद निळा रंग. बाळाच्या गोधडीवर डाग फार पडतात, गडद रंगात ते दिसत नाहीत. पूर्णपणे प्रॅक्टिकल निर्णय आहे. आधीच सुचायला हवा होता.

१९ मार्च, बुधवार

सकाळी ९: ही रजा घेऊन वहिनींना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी म्हणालो, घरी कोणीतरी हवं.

११: मोठी बादली, गरम पाणी, रंगाच्या तीन पुड्या, मीठ. पुडीवर लिहिलंय, चाळीस मिनिटं ढवळत राहावे.

११.२०: ढवळता येत नाही. कापसाने बादलीभर पाणी पिऊन टाकलं.

१२.१५: उचलता येत नाही. ओली गोधडी म्हैस उचलल्यासारखी लागते. पिळणं तर अशक्य. ओढत मोरीपर्यंत नेली. पॅसेजमध्ये निळा पट्टा.

१: बाथरूममधल्या दांडीवर टाकली. दांडी खाली आली. दांडी पुन्हा ठोकली, खालून स्टूल लावलं.

२.३०: तपासणी. क्रीम चौकोन एकदम निळे झाले. राखाडी डागाळला. पण रेघांनी आणि चौकडीने रंग घेतलाच नाही, मधल्या फिक्या जागेने घेतला. त्यामुळे रेघा आधी होत्या त्यापेक्षा ठळक दिसतात. दोरा पॉलिस्टरचा, तो पांढराच राहिला. माझा प्रत्येक वाकडा टाका लांबूनही मोजता येतो.

माझे हात कोपरापर्यंत निळे. साबण, रॉकेल, लिंबू, काहीच चालत नाही.

४: हिचा फोन. ऑपरेशन छान झालं. आज तिथेच राहणार. पट्टी उद्या सकाळी काढणार.

उद्यापर्यंत वाळेल.

२० मार्च, गुरुवार

वाळली नाही.

दहा वाजता बेल वाजली. मला वाटलं ही एकटीच. दार उघडलं तर वहिनी, काळा चष्मा, हिचा हात धरून तीन मजले चढून आलेल्या. मला बघून म्हणाल्या, अरे, भाऊजी, केस किती पिकलेत तुमचे! आणि हसल्या. मग माझ्या हातांकडे बघितलं. हे काय?

मी म्हणालो, गोधडी अजून तयार नाही. त्या म्हणाल्या, अर्धवट तर अर्धवट, दाखवा. पाणी ठिबकत होतं, आवाज बाहेर येत होता. त्या आवाजाच्या दिशेने गेल्या. मी आडवा उभा राहू शकलो असतो. राहिलो नाही. निदान तेवढं.

बाथरूमच्या दारात थांबल्या. चष्मा वर केला. ही म्हणाली, अहो, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांनी ऐकलं नाही. पुढे जाऊन गोधडीवर हात ठेवला आणि एका चौकोनापाशी थांबल्या.

म्हणाल्या, निळ्या रेघांचा.

मी म्हणालो, दुकानात तशीच डिझाइन... हिच्याकडे बघितलं, ती जमिनीकडे बघत होती. मग म्हणालो, वहिनी, हे दादाचे शर्ट आहेत. माळ्यावरच्या गाठोड्यातले. मी कापले. दुकानातून काही आणलं नव्हतं.

त्यांनी शेजारच्या चौकोनावर बोट फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला केव्हा कळलं?

एकवीस फेब्रुवारीला, मी म्हणालो. संध्याकाळी.

त्यांनी बोटांवर मोजलं. म्हणाल्या, म्हणजे महिना झाला. त्या दिवशी खिशांचं बोलत होते मी, तेव्हा?

हो.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला उभं राहायला जागा मिळाली असती. म्हणाल्या, कापलेत त्याचं काही नाही हो. मला कापवत नव्हते, कोणीतरी कापायलाच हवे होते. पण मला सांगायचं होतंत. मी त्यांचे शर्ट शिवतेय हे मला कळलं असतं. पाच आठवडे ते माझ्या मांडीवर होते, भाऊजी. आणि मी बिल्डिंगभर दुकानाच्या कापडाचं कौतुक सांगत फिरले.

चष्मा खाली केला. हिचा हात धरून खाली गेल्या.

मी बाथरूममधलं पाणी पुसत बसलो. पुसायला घरात दुसरी फडकी भरपूर होती.

२१ मार्च, शुक्रवार

काही नाही.

२२ मार्च, शनिवार

दुपारी चार वाजता चपला घातल्या. काढल्या.

२४ मार्च, सोमवार

वाळली. खाली घेऊन गेलो. सहा खिसेही पाकिटात घालून नेले. वहिनींनी दार उघडलं. मी म्हणालो, चूक झाली, वहिनी. हे वाक्य आरशासमोर म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ठेवा तिथे. मी खुर्चीवर ठेवली. बसा म्हणाल्या नाहीत. दोन मिनिटांत परत.

ही वर वाट बघत होती. काय म्हणाल्या विचारलं. सांगितलं. तिने मला चहा करून दिला. महिन्याभरात पहिल्यांदा स्वतःहून.

३० मार्च, रविवार

नात झाली. सकाळी साडेआठला. दोघी सुखरूप. जावयाने फोटो टाकला: लाल चेहरा, बंद मुठी, दवाखान्याच्या पांढऱ्या दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. गाढ झोपलीय. गोधडीवाचून तिचं काहीही अडलेलं नाही.

ग्रुपवर अभिनंदनं. मग सगळ्यांचा एकच प्रश्न, आजोबांची गोधडी कुठाय?

आधी लिहिलं, काही तांत्रिक कारणांमुळे. पुसलं. मग लिहिलं, कुरिअरचा प्रॉब्लेम. तेही पुसलं. शेवटी लिहिलं: गोधडी येणार नाही. मी वहिनींनी ठेवायला दिलेले दादाचे शर्ट न विचारता कापले, कापड दुकानातलं आहे असं त्यांना खोटं सांगितलं, खरं कळल्यावरही महिनाभर गप्प बसलो आणि शेवटी ती रंगात बुडवून बिघडवली. चांगले टाके आहेत ते सगळे वहिनींचे.

पाठवलं. चौदा जणांनी वाचलं. एकही अंगठा नाही. अर्ध्या तासाने लेकीने लिहिलं, बाबा, मी रात्री फोन करते. तिने केला. मी बोललो कमी, ऐकलं जास्त. ती काकांची फार लाडकी होती, हे मी विसरलोच होतो.

वहिनींनीही वाचलं. त्यांच्या नावापुढे आता दोन निळ्या खुणा दिसतात.

४ एप्रिल, शुक्रवार

वहिनींनी हिच्याकरवी निरोप पाठवला. चार वाजता गेलो.

गोधडी त्यांच्या पलंगावर होती. कडा त्यांनी स्वतः पूर्ण केली होती, एका डोळ्याने. माझ्या ओळी उसवल्या नव्हत्या. मी बघतोय हे बघून म्हणाल्या, उसवायला वेळ कोणाला आहे. मग म्हणाल्या, ही इथेच राहील. मी म्हणालो, हो. बाळासाठी मी दुसरी करीन, म्हणाल्या. मी मदत करू का, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

बसा म्हणाल्या. बसलो.

त्यांनी विचारलं, भाऊजी, एक खरं सांगाल? सहा शर्ट तुम्ही एकेक करून हातात घेतलेत, पट्टी लावलीत, कापलेत. एकही ओळखू आला नाही?

मी म्हणालो, नाही.

त्या बराच वेळ गोधडीवरची एक सुरकुती सरळ करत होत्या. मग म्हणाल्या, त्यांना तुमचे सगळे ओळखू यायचे. आमच्या जुन्या घराच्या खिडकीतून तुमच्या गॅलरीतली दोरी दिसायची ना. सकाळी चहा घेताना बघायचे आणि सांगायचे, काल धाकट्याच्या कारखान्यात मोठी पाहुणे मंडळी आली असणार, पाहुण्यांसाठीचा क्रीम शर्ट वाळत घातलाय. रोजचं होतं त्यांचं.

थोड्या वेळाने उठलो.

वर येऊन कपाट उघडलं. क्रीम शर्ट चार आहेत. त्यातला कुठला, ते कळलं नाही.